आग लागली की बोलावणं

लहानपणापासून तो अंगानं इतका किरकोळ होता की गल्लीत सगळे त्याला काडी म्हणत. आधी काडीपैलवान म्हणायचे, मग पैलवान गळून गेला आणि नुसती काडी राहिली. आईही त्याच नावानं हाक मारायची. लग्नात बायकोच्या मैत्रिणींनी त्या नावावरून भरपूर चेष्टा करून घेतली. त्याला त्याचं कधी काही वाटलं नाही.

गाद्यांच्या कारखान्यात तो कापूस पिंजायच्या यंत्रावर होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबट शेड. मागच्या टोकाला कापसाची खोली, मधे यंत्र, पुढे खोळी शिवणाऱ्या बायकांची मशिनं आणि दाराशी मालकाचं टेबल. दिवसभर कापसाचे तंतू उडत राहायचे आणि पापण्यांवर, कानांत, चहाच्या कपात जाऊन बसायचे. संध्याकाळी तो दारात आला की बायको म्हणायची, "आधी बाहेर झटका, मग आत या. घरात एक गादी आहे तेवढी पुरे."

दुपारचा चहा करायचं काम त्याच्याकडे होतं. स्टोव्ह शेडच्या मागे, कापसापासून लांब एका ओट्यावर ठेवलेला असे. म्हणून त्याच्या खिशात काडेपेटी असायची. विडी-सिगरेट तो ओढत नव्हता.

आग लागली ती जेवणाच्या सुट्टीत. सगळे बाहेर झाडाखाली डबे उघडून बसले होते. काडी पाण्याची बाटली आत विसरला होता, ती आणायला गेला, तर कापसाच्या खोलीच्या दारावरून धूर येत होता. तो ओरडत बाहेर आला आणि बादली घेऊन परत आत पळाला. त्यात त्याच्या भुवया जळाल्या. बंब येईपर्यंत छपराचे पत्रे वाकले होते. माणसं सगळी बाहेर होती म्हणून वाचली.

पोलिसांनी विचारलं, आग आधी कोणी पाहिली? सगळ्यांनी काडीकडे पाहिलं. त्या वेळी आत कोण होतं? पुन्हा त्याच्याकडेच. खिशात काय आहे? काडेपेटी निघाली. हवालदारानं नाव विचारलं, त्यानं सांगितलं. मागून कुणीतरी म्हणालं, "काडी म्हणतात त्याला, साहेब." एकदोघं हसले. हसणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, आगीनं सगळेच बावचळले होते. पण तोवर ते नाव त्याच्या अंगकाठीचं होतं. त्यानंतर ते आगीचं झालं.

दोनेक दिवस त्याला ठाण्यात बसवून ठेवलं. मारहाण झाली नाही. तेच तेच प्रश्न विचारले आणि सोडून दिलं. पुढे वीज खात्याचा माणूस येऊन यंत्रामागची जळकी वायर काढून घेऊन गेला, आणि आग त्या वायरीनंच लागली असा त्याचा कागद मालकाकडे आला. मालकानं तो विम्याच्या कामाला वापरला. गल्लीत येऊन तो वाचून दाखवायचं कुणाला सुचलं नाही. लोकांना एवढंच ठाऊक होतं की काडीला नेलं होतं आणि आता सोडलंय. 'सुटला' असं सगळे म्हणाले. 'त्यानं केलंच नव्हतं' असं कुणी म्हटलं नाही. सुटला म्हणजे आधी अडकला होता, आणि अडकला म्हणजे काहीतरी असणार.

मालकानं दुसरीकडे शेड उभी केली तेव्हा सगळ्यांना परत बोलावलं, त्याला सोडून. तो स्वतः विचारायला गेला. मालक चांगलं बोलला. म्हणाला, माझा तुझ्यावर काडीइतकाही संशय नाही. मग स्वतःच्या शब्दाला अडखळला, आणि विम्याची माणसं येतात-जातात, शिवणाऱ्या बायका बिचकतात, जरा थांब, असं म्हणाला.

तो थांबला, आणि थांबताना दुसरीकडे कामं शोधत राहिला. सुताराकडे गेला तर सुतार म्हणाला, माझ्याकडे सगळा लाकडाचा भुसा, तुला कसा घेऊ? खाणावळीच्या मालकिणीनं विचारलं, तुला चुलीपाशी उभं केलं तर गिऱ्हाईक जेवेल का? साबणाच्या गोदामाचा मुकादम दिलदार होता, त्यानं कामावर घेतलं. आठवड्यानं कुणीतरी त्याच्या कानावर घातलं आणि मुकादम म्हणाला, साबण पेटत नाही हे मला कळतं रे, पण वरच्यांना कोण सांगणार.

घर बायकोच्या पगारावर चालू लागलं. ती इस्पितळाच्या धुलाईखात्यात चादरींना इस्त्री करायची. तिथं तिलाही नाव मिळालं होतं, काडीवाली. इस्त्री तापली की बायका म्हणायच्या, बघ गं बाई, तुमच्या घरचंच काम आहे हे. पहिल्यांदा ती भांडली. नंतर मान खाली घालून चादरी मोजून ठेवायला लागली.

पुढच्या उन्हाळ्यात बाजारामागचा कचऱ्याचा ढीग पेटला. कचराच तो, दरवर्षी पेटायचा. पण त्या वर्षी हवालदार काडीच्या दारात आला. तो काही दुष्ट माणूस नव्हता. पोट सुटलेला, गुडघ्यानं अधू, निवृत्तीला आलेला गृहस्थ. म्हणाला, "चल रे जरा. विचारायचंय." काडी गेला. ठाण्यातल्या बाकावर बसला. कुठं होतास, घरी होतो, साक्ष कोण, बायको. बायकोला बोलावलं. तिनं सांगितलं, हे घरीच होते. मग सोडलं.

त्यानंतर सायकलचं एक दुकान जळालं, तेव्हाही असंच झालं. कुणाच्या गोठ्यातल्या चाऱ्याला आग लागली तेव्हाही. एका घरात नुसता पडदा जळाला होता, तरी हवालदार आला. आला तेव्हा त्यालाच ओशाळल्यासारखं झालं, पण वहीत लिहायला काहीतरी हवं, असं म्हणाला. आग लागली की काडीला बोलावणं, हे बंब बोलावण्याइतकंच ठरून गेलं. बंबाची घंटा ऐकू आली की काडी हातातलं काम ठेवायचा, चपला घालायचा आणि उंबऱ्यावर येऊन बसायचा. हवालदाराच्या गुडघ्याला तेवढाच आराम. हवालदार म्हणायचा, शहाणा माणूस आहेस. दोघं बोलत बोलत ठाण्यात जायचे. बोलणं साधंच असायचं, गुडघ्याचं, हवेचं, हवालदाराच्या जावयाचं.

पहिल्यांदा त्याला राग यायचा. मग लाज वाटायची. हळूहळू दोन्ही थांबलं. गल्लीतली माणसं दारातून बघायची, तो त्यांच्याकडे बघायचा, आणि जेवढं भिंतीकडे बघून वाटतं तेवढंच त्याला वाटायचं. बायको एकदा म्हणाली, आपण दुसऱ्या गावी जाऊ. तो म्हणाला, "तिकडे कधी आग लागणारच नाही का?"

एक गोष्ट मात्र त्यानं तिला सांगितली नाही. त्या पहिल्या दुपारची हकिकत त्यानं इतक्यांदा सांगितली होती की ती झिजली होती. बाटली आणायला आत गेलो, धूर दिसला, ओरडलो. सांगताना आता त्याला चित्र दिसेना, नुसते शब्द यायचे. काडेपेटी खिशात होती की हातात? खिशातच होती. पण हे त्याला आठवत होतं की तो तसं सांगत आलाय एवढंच आठवत होतं, ते त्याला कळत नव्हतं.

अख्ख्या गल्लीत त्याच्याशी पूर्वीसारखं वागणारा एकच माणूस होता, पुस्तकं बांधणारा बाइंडर. कागदाचे गठ्ठे उतरवायचे असले की तो काडीलाच बोलवायचा. कागदाच्या ढिगात काडी कशाला, असं कुणी म्हटलं की बाइंडर म्हणायचा, मला माणूस कळतो, तुम्ही तुमचं बघा. बाइंडरची खोली रंगांच्या दुकानाला लागून होती. मधे एकच भिंत.

त्या रंगांच्या दुकानाचा मालक एका सकाळी काडीच्या घरी आला. बायको कामावर गेली होती. स्वच्छ इस्त्रीचे कपडे घातलेला रंगवाला खाटेवर टेकला, दिलेला चहा प्यायला, चहा छान झालाय म्हणाला. इतक्या दिवसांत घरी येऊन चहा पिणारा तो पहिलाच माणूस. मग हळूहळू बोलणं निघालं. मागच्या गोदामातला माल जुना झालाय, डब्यांची झाकणं फुगलीत, कुणी घेत नाही. मोठ्या रस्त्यावर नवीन दुकान घ्यायचं मनात आहे. विमा आहे, पण विमा काय, काही झालं तरच.

काडीच्या लक्षात आलं.

"मला त्यातलं काही येत नाही," तो म्हणाला.

"नसेल," रंगवाला हसून म्हणाला. "मी कुठं कुणाला सांगायला जातोय?"

"खरंच येत नाही."

"बरं, नाही येत. ऐक. नव्या दुकानात मला माणूस लागणार आहे. गिऱ्हाइकाला रंग दाखवायचे, डबे काढून द्यायचे. बसून काम. कायमचं. मला दुसरा कुणी नको, तूच हवास."

काडी कपाकडे बघत राहिला. कायमचं काम, हे शब्द त्यानं कधीपासून ऐकले नव्हते. डबे काढून देणारा, गिऱ्हाइकाशी बोलणारा, संध्याकाळी दुकानाला कुलूप लावून घरी येणारा माणूस त्याला दिसला. त्या माणसाला लोक कुठल्या नावानं हाक मारतील ते मात्र दिसेना. आणि नाही म्हटलं तरी काय? गोदाम तर कुणीतरी पेटवणारच होतं, आणि कुणीही पेटवलं तरी हवालदार इथंच येणार होता. त्यानं मान हलवली.

सुट्टीच्या दिवशी दुपारी बाजार बंद असताना ते झालं. कसं केलं ते सांगण्यासारखं काही नाही. त्याला येत नव्हतं आणि यावं लागलंही नाही. परत येताना त्याच्या मनात भीती नव्हती, पश्चात्तापही नव्हता. घरातला नळ टपकत ठेवून आलोय, बादली भरून वाहत असेल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. घरी येऊन त्यानं नळ बंद केला, हात धुतले आणि उंबऱ्यावर बसला.

हवालदार आला तेव्हा पार दमला होता, आग मोठी होती. रंगाचे डबे फुटले, त्यांनी मधली भिंत फोडली आणि बाइंडरची खोली गेली. शाळांची बांधायला आलेली सगळी पुस्तकं गेली. बाइंडर सुट्टीच्या दिवशीही आत काम करत बसला होता. तो बाहेर पडला, पण कागद कापायचं यंत्र ओढून काढताना त्याचा उजवा हात भाजला. हे सगळं हवालदारानं चालता चालता सांगितलं. काडीनं विचारलं, "हात फार भाजलाय?" हवालदार म्हणाला, फार.

बाकावर बसल्यावर नेहमीचेच प्रश्न आले. कुठं होतास, घरी होतो. बायकोला बोलावलं. ती त्या दुपारी लवकर सुटली होती. घरी आली तेव्हा दाराला कुलूप होतं आणि ती शेजारणीकडे जाऊन बसली होती, हे काडीला माहीत नव्हतं. हवालदारानं तिला विचारलं. ती म्हणाली, "हे घरीच होते." आवाज नेहमीचाच. हवालदारानं ते नेहमीच्याच अक्षरात लिहून घेतलं आणि जांभई दिली.

रस्त्यात ती म्हणाली, "मी आले तेव्हा कुलूप होतं."

तो थांबला. "मग खोटं का बोललीस?"

"आजवर खरं बोलले. कुणाला पटलं?" ती चालतच राहिली. "खोटंही त्यांनी तसंच लिहून घेतलं."

घरी येऊन भाजी चिरायला बसली. त्याला वाटलं, तिनं विचारावं. रडावं, निदान भांडी तरी आपटावीत. तिनं भाजी फोडणीला टाकली, दोघं जेवली आणि झोपली.

रंगवाल्याचं नवीन दुकान हिवाळ्यात उघडलं. उघडल्यावर काही दिवसांनी काडी धुतलेला शर्ट घालून गेला. काउंटरवर एक तरुण माणूस डबे मांडत होता. रंगवाल्यानं काडीला बाजूच्या बोळात नेलं.

"तुला कामावर घेतलं तर लोक काय म्हणतील, विचार केलास?" तो समजुतीच्या स्वरात म्हणाला. "जळालेल्या दुकानाचा मालक आणि काडी एका काउंटरवर. दोघंही आत जाऊ. तुझ्याच भल्याचं सांगतो."

काडीला ते पटलं, हीच सगळ्यात वाईट गोष्ट होती. रंगवाला बरोबर बोलत होता. त्याला कामावर घेता येईल असं दुकान आता कुठंच उरलं नव्हतं, आणि ज्याच्यासाठी गोदाम जाळलं त्या दुकानात तर मुळीच नाही. तो बरं म्हणाला आणि तिथून थेट ठाण्यात गेला. बोलावणं नसताना तो पहिल्यांदाच त्या पायऱ्या चढत होता. हवालदारानं वर पाहिलं. कुठं काही पेटलंय का, असंच त्याला आधी वाटलं.

"रंगाचं गोदाम मी जाळलं," काडी म्हणाला.

हवालदारानं चष्मा काढला. "चेष्टा नको करूस."

"त्या दिवशी मी घरी नव्हतो."

हवालदारानं समोरची वही मिटली. मग हळू आवाजात म्हणाला, "माझा विश्वास होता रे की तू त्यातला नाहीस." इतकी वर्षं हे तो कधी बोलला नव्हता. काडीला त्याचं काय करावं कळेना. त्यानं फक्त विचारलं की, बसू का?

वरचे साहेब आले तेव्हा त्यांना आनंद झाला. त्यांनी एकेक जुनी आग पुढे ठेवली. सायकलचं दुकान? काडीनं हो म्हटलं. चारा? हो. कारखाना? तिथं तो क्षणभर थांबला, आणि मग तिथंही हो म्हणाला. भांडायला अंगात काही उरलं नव्हतं. शिवाय त्यानं मनात ते सगळं शेजारी शेजारी ठेवून पाहिलं, तर केलेल्या आणि न केलेल्या आगींत त्याला फरक सापडेना. दोन्हीनंतर तो त्याच बाकावर बसला होता. रंगवाल्याचं नाव त्यानं सांगितलं. साहेब म्हणाले, त्यांचं नाव मधे कशाला आणतोस? तुझी सवयच आहे. रंगवाल्यानंही हात झटकले आणि ते सगळ्यांना पटलं. दुसऱ्या कुणी आग लावली असती तर का लावली असं विचारलं असतं. काडीला कारण लागत नाही असंच सगळे धरून चालले.

बाइंडर ठाण्यात येऊन गेला. हात अजून पट्टीत होता. साहेबांनी त्याला काडीसमोर उभं केलं आणि म्हणाले, बोला काय बोलायचंय ते. बाइंडर काडीकडे बघत म्हणाला, "मी तुझ्यावरून लोकांशी भांडायचो." आणखी काही बोलायचं असावं, पण तो वळून गेला. त्या सगळ्या वर्षांत त्या एकाच वेळी काडीच्या आत काहीतरी हललं. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. सकाळी गेलं.

कोर्टात बायको उभी राहिली. गोदामाबद्दल ती काही बोलली नाही. पण कारखान्याची आग यांनी लावलेली नाही, ती वायरीनं लागली, वीज खात्याचा तसा कागद आहे, असं ती म्हणाली. तो कागद आहे हे तिला कारखान्यातल्या शिवणाऱ्या बाईकडून कळलं होतं, तेही फार उशिरा. गादीवाल्या मालकाला बोलावलं. असा काही कागद आल्याचं आठवतं खरं, पण आता कुठं असेल सांगता येत नाही, असं तो म्हणाला. वकिलानं विचारलं, आरोपीनं स्वतः कबूल केलंय ना? केलंय. मग प्रश्न मिटला. सगळ्या आगी मिळून शिक्षा झाली. निकाल वाचत असताना काडी खिडकीबाहेर बघत होता. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती.

तुरुंगात त्याला स्वयंपाकघरापासून लांब ठेवायचा हुकूम होता. बागकाम दिलं. तिथल्या कैद्यांत त्याची किंमत वाढली होती. इतक्या आगी लावलेला माणूस म्हणून नवे पोरगे त्याच्याकडे दबून बघायचे आणि कसं केलं ते सांग म्हणून हट्ट करायचे. तो सांगायचा. सायकलचं दुकान कसं पेटवलं ते तो चांगलं रंगवून सांगायचा.

बायको महिन्यातून एकदा भेटायला यायची. जाळीपलीकडे बसून घरचं सांगायची, भाडं वाढलं, नळ बदलला, शेजारीण आजारी आहे. एकदा तिनं घरचं लवकरच आटपलं. मग म्हणाली की गेल्या आठवड्यात चौकातलं कापडाचं दुकान जळालं.

"मग?"

"हवालदार आला होता. नवीन आहे. जुना निवृत्त झाला." ती बोटांनी पिशवीचा बंद गुंडाळत होती. "म्हणाला, तुम्ही इस्त्रीचं काम करता ना? कुठं होता तुम्ही त्या वेळी?"

काडीनं जाळीला हात लावला. "तू काय सांगितलंस?"

"घरीच होते म्हटलं. म्हणाला, साक्ष कोण?"

वेळ संपल्याची शिट्टी झाली तेव्हा तो म्हणाला, ही गल्ली सोड, आजच सोड. तिनं मान हलवली.

तिनं गल्ली सोडली. दूरच्या गावी चुलत बहिणीकडे राहिली आणि एका लॉजच्या धुलाईत लागली. तिथून येणं लांब पडायचं, त्यामुळं भेटी कमी झाल्या. आली की म्हणायची, तिकडे बरं आहे, कुणी काही विचारत नाही. तो बरं म्हणायचा. बोलायला विशेष काही नसे. ती आणलेली फळं शिपायाकडे तपासायला द्यायची, शिपाई ती सुरीनं चिरून बघायचा, आणि वेळ संपेपर्यंत दोघं समोरासमोर बसून राहायची.